‘ड्राय’ ऐकलं की आधी विचारा: इथे काय नाही?

गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यांच्या मधोमध असलेल्या, वाइन चाखायला देणाऱ्या एका टेस्टिंग रूममध्ये सुरगाण्याकडची एक मुलगी नुकतीच कामाला लागली होती. संध्याकाळी ती माझ्याकडे इंग्रजी बोलण्याच्या वर्गाला यायची. एका शनिवारी सटाण्याहून आलेल्या कुटुंबाला तिने समजावलं, ‘‘ही वाइन कोरडी आहे.’’ त्यांच्यातल्या आजींनी पेल्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘अगं बाई, ही तर पाण्यासारखी पातळ. कोरडी कुठंय?’’

सोमवारी तिने वर्गात वही उघडून दाखवली. ‘ड्राय म्हणजे कोरडा’ असं तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. चूक काहीच नव्हतं, पण तेवढं पुरलं नव्हतं.

त्या दिवशीचा सगळा तास आम्ही या एका शब्दावर घालवला. नाशिकमध्ये हॉटेलात, लाँड्रीत, मेडिकल स्टोअरमध्ये, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये नव्याने लागलेल्या आणि इंग्रजीशी रोज गाठ पडणाऱ्या मुलामुलींसाठी तोच तास इथे लिहून काढतेय.

पायरी १ : काय नाही ते शोधा

इंग्रजीत एखाद्या गोष्टीला ड्राय म्हटलं की समजायचं, तिथे जे असू शकलं असतं ते नाही. बहुतेक वेळा ते पाणी असतं, म्हणून शब्दकोशात ‘कोरडा’ हा अर्थ पहिला येतो. पण टोस्ट ड्राय असला तर त्यावर लोणी नाही. गाय ड्राय असली तर ती सध्या दूध देत नाही. राज्य ड्राय असलं तर तिथे दारूला परवानगी नाही. शेजारचं गुजरात तसं आहे. भाषण ड्राय असलं तर ऐकणाऱ्याला त्यात रस वाटत नाही. आणि वाइन ड्राय असली तर तिच्यात जाणवण्याइतकी साखर नाही.

मराठीला ही रीत परकी नाही. ‘आज कोरडी भाकरी खाल्ली’ असं कुणी म्हटलं तर भाकरी ओली असायला हवी होती असं आपण समजत नाही. सोबत कालवण नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. गावाकडे त्या कालवणाला कोरड्यास म्हणतात, कारण कोरडी भाकरी त्याच्याशी खायची. कोरडवाहू जमिनीवर पाऊस पडतोच, पण पाटाचं किंवा विहिरीचं पाणी तिला मिळत नाही. कोरड्या सहानुभूतीत शब्द भरपूर असतात, मदत नसते. तुमच्या आजीला हे व्याकरण पाठ आहे. तुम्हाला ते फक्त इंग्रजीकडे वळवायचंय.

म्हणून वहीत ‘ड्राय म्हणजे कोरडा’ याच्याखाली एक प्रश्न लिहून ठेवा: इथे काय नाही?

पायरी २ : उलट शब्द विचारा

काय नाही ते पटकन सुचलं नाही तर दुसरा रस्ता आहे. त्या ठिकाणी ड्रायच्या उलट काय म्हणतात ते बघा. कपडा ड्राय नसेल तर वेट असतो. त्वचा ड्राय नसेल तर ऑइली. हवा ड्राय नसेल तर ह्यूमिड. केक ड्राय नसेल तर मॉइस्ट. वाइन ड्राय नसेल तर स्वीट. मंचुरियन ड्राय नसेल तर ग्रेव्ही. शब्द एकच, पण जोडीदार दरवेळी वेगळा, आणि अर्थ त्या जोडीदारावरून ठरतो.

सकाळी घंटागाडी येते तेव्हा हे प्रत्यक्ष पाहायला मिळतं. वेट वेस्ट म्हणजे ओला कचरा, ड्राय वेस्ट म्हणजे सुका. नळाखाली धुतलेली प्लास्टिकची बाटली पाण्याने निथळत असली तरी ती सुक्या कचऱ्यातच जाते. कालची वाळून कडक झालेली पोळी ओल्यात. इथे ओल-कोरड हाताला किती लागते हा मुद्दाच नाही. जे कुजून खत होतं ते वेट, आणि ज्यात ते कुजणं नाही ते ड्राय. ओला-सुका या जोडीने आपण तो अर्थ किती सहज स्वीकारलाय बघा.

मेडिकल स्टोअरमध्ये काम करत असाल तर खोकल्याची जोडी लक्षात ठेवा. ड्राय कफ म्हणजे कोरडा खोकला, छातीतून काही सुटत नाही. उलट प्रकाराला डॉक्टर प्रॉडक्टिव्ह कफ म्हणतात, म्हणजे बेडका पडणारा खोकला. दोन्हींची औषधं वेगळी असतात. घोटाळा असा की इंग्रजीत खोकल्याला कफ म्हणतात आणि मराठीत छातीतल्या चिकट पदार्थाला. ‘ड्राय कफ’ ऐकून ‘कफ वाळलाय’ असं समजणारी माणसं मी पाहिलीत. गिऱ्हाईक तसं बोललं तर सरळ मराठीत विचारा, ‘‘खोकताना बेडका पडतो का?’’

पायरी ३ : वाइनचा ड्राय

नाशिकमध्ये नव्याने आलेल्या माणसाला हा अर्थ सगळ्यात जास्त नडतो, म्हणून इथे जरा थांबू.

पिकलेल्या वाइनच्या द्राक्षाच्या रसात लिटरमागे साधारण २०० ग्रॅमच्या वर साखर असते. जानेवारी ते मार्चच्या तोडणीनंतर रस टाकीत जातो, यीस्ट ती साखर खातं, आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतं. यीस्टने जवळपास सगळी साखर संपवली की मागे राहते ती ड्राय वाइन. टाकी थंड करून किंवा दुसऱ्या उपायाने ते काम मध्येच थांबवलं तर साखर उरते, आणि वाइन सेमी-ड्राय किंवा स्वीट होते. युरोपातल्या नियमांनुसार साध्या, म्हणजे न फसफसणाऱ्या वाइनला ड्राय म्हणायचं तर लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत चालते. आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंत.

पाहुण्यांचा गोंधळ तीन ठिकाणी होतो, आणि तिथे तुमचे शब्द तयार हवेत.

पहिला गोंधळ वासाचा. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या पेल्याला पेरूचा, अननसाचा वास आला की माणसाला वाटतं, ही गोड असणार. वास नाकाला येतो, साखर जिभेला कळते. फळाचा वास भरपूर आणि साखर नावालाही नाही, असं होऊ शकतं. त्या वासाला इंग्रजीत फ्रूटी म्हणतात. फ्रूटी आणि ड्राय एकाच पेल्यात सुखाने नांदतात.

दुसरा गोंधळ तोंड कोरडं पडण्याचा. शिराझसारखी लाल वाइन प्यायल्यावर जीभ-हिरड्या आवळल्यासारख्या होतात आणि पाहुणा म्हणतो, ‘‘हां, ही खरी ड्राय.’’ ते काम टॅनिनचं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या तुरटपणाचं. त्यासाठी मराठीत अगदी नेमका शब्द आहे: तुरट. जांभूळ खाल्ल्यावर, सुपारी चघळल्यावर जे होतं तेच. ड्राय म्हणजे साखर नाही आणि तुरट म्हणजे टॅनिन आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गोड असूनही तुरट वाइन असू शकते.

तिसरा गोंधळ फसफसणाऱ्या वाइनचा, आणि इथे तर लेबलच आपल्याला चकवतं. स्पार्कलिंग वाइनच्या बाटलीवर एक्स्ट्रा ड्राय लिहिलं असेल तर ती सगळ्यात कमी गोड असेल असं कुणालाही वाटेल. तसं नाही. ब्रूट लिहिलेल्या बाटलीत लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ ग्रॅम. आणि नुसतं ड्राय लिहिलेल्या बाटलीत १७ ते ३२ ग्रॅम, म्हणजे जिभेला स्पष्ट गोड लागेल इतकी. याचं कारण जुनं आहे. १९व्या शतकातली शॅम्पेन आजच्या मानाने फार गोड असायची. त्यातल्या त्यात कमी गोड ती ड्राय, त्याहून कमी ती एक्स्ट्रा ड्राय. पुढे त्याहूनही कमी साखरेच्या वाइन आल्या, पण जुनी नावं तशीच राहिली. हे एवढं पाहुण्याला सांगितलंत तर तो तुमच्याकडे आणखी दोन प्रश्न विचारायला नक्की थांबतो.

आता मराठी पाहुण्याला काय सांगायचं? माझं मत ठाम आहे: वाइनला ‘कोरडी’ म्हणू नका. अनुवादाच्या पुस्तकात ते शोभत असेल, पण पेला हातात घेतलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. ‘‘यात साखर उरलेली नाही’’ म्हणा. किंवा ‘‘ही गोड लागणार नाही’’ म्हणा. सुरगाण्याच्या त्या मुलीने स्वतःच एक वाक्य बांधलं, ते मला फार आवडलं: ‘‘आजी, द्राक्षातली सगळी साखर यीस्टने खाल्ली, म्हणून ही ड्राय.’’

पायरी ४ : हॉटेलातला ड्राय सांभाळून वापरा

‘‘पनीर चिली ड्राय की ग्रेव्ही?’’ हे वाक्य पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत दिवसातून किती वेळा उच्चारलं जात असेल! आपल्यात ते बिनचूक चालतं. ड्राय म्हणजे सुकं, ग्रेव्ही म्हणजे रस्सा. पण बाहेरदेशीच्या पाहुण्याला ‘द चिकन इज ड्राय’ म्हणालात तर तो मेन्यू खाली ठेवील. त्याच्या कानाला ती तक्रार आहे: चिकन जास्त शिजलंय, आतला ओलावा गेलाय. केकचं तेच, भाताचं तेच. त्याला ‘विदाउट ग्रेव्ही’ म्हणा. आणि पाहुणा स्वतःच ‘इट्स अ बिट ड्राय’ म्हणाला तर हसून मान डोलावू नका. प्लेट परत घ्यावी लागेल का ते त्याला विचारा.

ड्राय फ्रूटबद्दल तर अतिशय सावध राहा. आपल्याकडे दिवाळीच्या खोक्यात काजू, बदाम, पिस्ते, मनुका, अंजीर सगळं मिळून ड्राय फ्रूट. इंग्लंड-अमेरिकेत ड्राइड फ्रूट म्हणजे वाळवलेली फळं, मनुका-अंजीर-जर्दाळू एवढीच. काजू-बदाम तिथे नट्स. काहींना नट्सची इतकी तीव्र अॅलर्जी असते की जीवावर बेतू शकतं. पाहुण्याने विचारलं, ‘‘यात काय घातलंय?’’ आणि तुम्ही ‘‘ओन्ली ड्राय फ्रूट्स’’ म्हणालात, तर तो मनुका समजून काजूची बर्फी खाईल. प्रत्येक पदार्थाचं नाव घ्या: कॅशू, आमंड, पिस्ताशिओ. शेंगदाण्याचा चिवडा पुढे ठेवताना ‘पीनट्स’ हा शब्द स्पष्ट उच्चारा. या एका गोष्टीत आळस करू नका.

ड्राय डे हा शब्द इकडचा माणूस लगेच ओळखतो: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, मतदानाचा दिवस. परदेशी पाहुण्याला मात्र ‘टुडे इज अ ड्राय डे’ हे हवामानाचं वाक्य वाटू शकतं, म्हणजे आज पाऊस नाही. दुकान बंद का, हे त्यावरून कळणार नाही. ‘नो अल्कोहोल इज सोल्ड टुडे’ एवढं सरळ सांगा.

पायरी ५ : लेबलं वाचायला शिका

येवल्याची पैठणी घेतली की सोबतच्या चिठ्ठीवर ‘ड्राय क्लीन ओन्ली’ असतं. मग ड्राय क्लीनिंगमध्ये साडी कोरडीच झटकतात का? नाही, ती द्रवातच धुतात. तो द्रव पाणी नसून वेगळं रसायन असतं, तेलकट डाग विरघळवणारं. पाणी नाही म्हणून ड्राय. कपड्याच्या आतल्या पट्टीवर शब्दांऐवजी खुणा असतील तर वर्तुळ म्हणजे ड्राय क्लीन आणि चौकोन म्हणजे वाळवण्याची सूचना. लाँड्रीत लागलेल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी या दोन खुणा ओळखाव्यात.

औषधांवर तीन ठिकाणी हा शब्द भेटतो. ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’ म्हणजे थंड, ओल नसलेल्या जागी ठेवा. न्हाणीघराच्या कपाटात किंवा शेगडीवरच्या फळीवर ठेवू नका. ‘पॅट ड्राय’ म्हणजे जखमेभोवतीची किंवा बाळाची त्वचा स्वच्छ फडक्याने हलकेच टिपून घ्या, घासू नका. आणि ड्राय सिरप. लहान मुलांची काही अँटिबायोटिक्स बाटलीत पावडरच्या रूपात येतात. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं, नीट हलवायचं, मग चमच्याने मोजून द्यायचं, आणि लेबलवर दिलेल्या दिवसांत संपवायचं. दरवेळी देण्याआधी बाटली पुन्हा हलवायची. आईच्या हातात बाटली देताना हे मराठीत बोलून सांगा. ‘ड्राय’ हा शब्द तिला स्वतःहून हे सगळं सांगणार नाही.

अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यात ड्राय आइस हाताळायची वेळ आली तर तो बर्फ नव्हे, हे ध्यानात ठेवा. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश सेल्सियसचा. वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो, म्हणून ड्राय. उघड्या हाताने धरू नका आणि बंद खोलीत साठवू नका.

पायरी ६ : ड्राय आणि ड्राइड वेगळे

पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरीकडच्या पॅकहाउसमध्ये हा फरक कामाचा आहे. ड्राय ग्रेप्स म्हणजे ज्या मण्यांवर दव किंवा पाणी नाही अशी ताजी द्राक्षं. ड्राइड ग्रेप्स म्हणजे मुद्दाम वाळवलेली, म्हणजेच बेदाणा, ज्याला इंग्रजीत रेझिन असा स्वतंत्र शब्द आहे. एकाने ई-मेलमध्ये ‘वी हॅव ड्राय ग्रेप्स’ लिहिलं आणि समोरच्याने बेदाण्याचा भाव विचारला, असं सहज होऊ शकतं. मिरचीचंही तसंच: वाळवून ठेवलेली लाल मिरची ती ड्राइड.

मराठीतही इथे वेगवेगळे शब्द आहेत आणि ते बदलून चालत नाही. मिरची वाळते, नदी आटते, घसा कोरडा पडतो, फूल सुकतं, गाय भाकड असते, भाषण रुक्ष असतं. इंग्रजी एका शब्दात भागवतं, आपण सहा वापरतो. इंग्रजीतून मराठीत येताना त्या सहांतला नेमका उचला; सगळीकडे ‘कोरडा’ ठोकला की वाक्य मरतं.

माणसांबद्दल बोलताना

मराठीत ‘माणूस कोरडा आहे’ म्हटलं की त्यात माया नाही असा अर्थ निघतो. मुलं आता चॅटवर ‘किती ड्राय रिप्लाय देतेस’ म्हणतात तेही त्याच वळणाचं: उत्तर आलं, ओढ नाही. पण इंग्रजीत ‘ही हॅज अ ड्राय सेन्स ऑफ ह्यूमर’ ही बहुतेकदा शाबासकी असते. चेहऱ्यावरची रेषा न हलवता, आवाज न चढवता विनोद करणारा माणूस. विनोद पुरेपूर आहे, नाही ते फक्त त्याचं प्रदर्शन. साहेबांबद्दल कुणी असं म्हणालं तर ती निंदा समजून घरी सांगू नका.

नदी, पाऊस आणि पेपर

जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला पावसाचा धो धो मारा आणि पूर्वेला येवला-नांदगावला ढगांकडे डोळे. दोन पावसांमधल्या लांबलेल्या खंडाला इंग्रजी पेपर ड्राय स्पेल म्हणतात. २०१६च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं. अशा वेळी इंग्रजीत ‘रन ड्राय’ वापरतात. हळूहळू पूर्ण आटलं तर ‘ड्राय अप’. आंघोळीनंतर अंग पुसलं तर ‘ड्राय ऑफ’. भिजलेलं काही आतपर्यंत वाळलं तर ‘ड्राय आउट’. पाठीमागचा छोटा शब्द अर्थ फिरवतो, म्हणून जोडीनेच पाठ करा.

निफाडच्या ड्राय पोर्टची बातमी वाचून तिथे जहाज कुठून येणार असा प्रश्न पडत असेल, तर समुद्र नसलेलं बंदर असा तो शब्द आहे. कंटेनर तिथे भरायचे, कस्टमची कामं उरकायची आणि रेल्वेने बंदराला पाठवायचे. जानेवारी २०२१मध्ये लसीकरणाचा ड्राय रन झाला होता, तेव्हा रांग, नोंदणी, खोल्या सगळं खरं होतं, टोचलेली लस नव्हती. २०२७च्या सिंहस्थाआधी हा शब्द तुमच्या कानावर पुन्हा पुन्हा येणार.

थोडं व्याकरण

अधिक ड्राय म्हणायचं तर ‘ड्रायर’, सगळ्यात ड्राय तर ‘ड्रायेस्ट’. लिहिताना शेवटचा वाय जाऊन आय येतो. केस वाळवण्याच्या यंत्राचा उच्चारही ड्रायरच, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये बहुधा वाय राहतो. ‘माय हेअर इज ड्राय’ यात ड्राय विशेषण आहे: केस रूक्ष किंवा कोरडे आहेत. ‘आय ड्राय माय हेअर’ यात क्रियापद: मी केस वाळवते. उच्चार करताना ड आणि र यांच्यामध्ये ‘अ’ घुसवू नका. ‘डराय’ म्हणालात तर ऐकणारा अडखळतो.

आजच्या रात्रीचा अभ्यास

खालची वाक्यं मोठ्याने वाचा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: काय नाही. शक्य असेल तिथे उलट शब्दही लिहा.

धिस काउ इज ड्राय. आय लाइक ड्राय टोस्ट. द लेक्चर वॉज ड्राय. वर्धा इज अ ड्राय डिस्ट्रिक्ट. द पेंट इज नॉट ड्राय येट. धिस शेनिन इज ड्राय, बट व्हेरी फ्रूटी. देअर वॉज नॉट अ ड्राय आय इन द रूम.

शेवटच्या वाक्यावर वर्गात नेहमी शांतता पसरते. कुणालातरी ते डोळ्यांच्या औषधाचं वाटतं. डोळा कोरडा म्हणजे त्यात पाणी नाही, आणि असा एकही डोळा खोलीत नव्हता. म्हणजे सगळे रडत होते.